सातवा फर्मा

बाईंनी पर्समधून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली आणि हात लगेच मागे घेतला.

"परवा सकाळी दाराखालून आली," त्या म्हणाल्या. "आणि काल भरदुपारी कोणीतरी माझ्या दाराला बाहेरून कडी घातली. दोन तास आत होते मी. भाचा आला तेव्हा सुटले. उंबऱ्यात रॉकेलने भिजलेली चिंधी होती."

दाजींनी चिठ्ठी उलगडली. दाजी हे काही त्यांचं नाव नव्हे. खासगी तपासाचं काम सुरू केलं तेव्हा बायकोचा भाऊ मदतीला आला. तो दाजी म्हणायचा, मग अशिलांपासून पोलिसांपर्यंत सगळेच म्हणू लागले. मेहुणा मात्र मेहुणाच राहिला. खुर्ची सरकवणं, दार उघडणं आणि चुकीच्या माणसावर संशय घेणं ही कामं तो मनापासून करायचा.

आत्ताही त्याने खांद्यावरून डोकावून चिठ्ठी मोठ्याने वाचली. "पान ९७ ते ११२ काढून टाक. नाहीतर आतून दार बडवत मरशील, तुझी बहीण मेली तशी."

वाचून झाल्यावर त्याला आपलीच लाज वाटली. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कसलं पुस्तक?" दाजींनी विचारलं.

"माझं आत्मचरित्र. पंचवीस वर्षं शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे. एक मोठे प्रकाशक छापायला तयार होते, पण चार पानं गाळा म्हणाले. मी ऐकलं नाही. स्वतःच छापलं, तीनशे प्रती. बांधणी चालू आहे."

"कोणती चार पानं?"

"एकशेतीन ते एकशेसहा. एक्केचाळीस वर्षांपूर्वी आमच्या वसतिगृहाला आग लागली. माझी धाकटी बहीण गेली, आणखी दोघी गेल्या. दाराला बाहेरून कडी होती."

"चिठ्ठीत तर सोळा पानं आहेत. बाकीच्या बारांत काय आहे?"

"माझी पहिली नोकरी. शाळेची बाग. त्याचं कोणाला काय पडलंय?"

"आणि त्या चार पानांत?"

बाई उठल्या. "खरं काय ते. पुस्तक आल्यावर वाचा. मी मेले तरी ते आलं पाहिजे, एवढंच बघा."

त्या गेल्यावर दाजी चिठ्ठीच्या घड्यांवरून नख फिरवत बसले. कागद आधी उभा दुमडला होता, मग आडवा, मग पुन्हा उभा. प्रत्येक घडी इस्त्री केल्यासारखी पक्की होती आणि तिच्यावर बारीक चकाकी होती.

"मेहुणे, पत्राची घडी तुम्ही कशी घालता?"

"खिशात मावेल तशी," मेहुणा म्हणाला.

प्रकाशकांचं ऑफिस गार, शांत आणि पुस्तकांनी गच्च भरलेलं होतं. त्यांनी चहा मागवला, पण दाजींच्या प्रश्नाने त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"धमकी? मी? अहो, त्यांनी माझं ऐकलं नाही, विषय संपला. पाच हजार प्रती काढणार होतो. शाळाशाळांत गेलं असतं पुस्तक. आता तीनशे प्रती छापतील आणि गठ्ठे माळ्यावर पडतील. आमच्याकडे चार माणसं वाचतात, चुकलं तर नाही म्हणतात. स्वतः छापणाऱ्याला नाही म्हणणारं कोणीच नसतं."

"आता कोणीतरी म्हणतंय," दाजी म्हणाले. "ती चार पानं का नको होती?"

"वाचकाला लेखिकेबद्दल माया वाटली पाहिजे. त्या पानांनी ती जाते. राखणदाराला सात वर्षांची शिक्षा झाली, तिथेच थांबायचं ना! उकरून काय मिळतं?"

"छापील पानं पाहिलीत?"

"छे. मी त्यांच्या हस्ताक्षरातल्या वह्या वाचल्या. पुढचं सगळं त्यांच्या भाच्याने केलं."

जिना उतरताना मेहुणा कुजबुजला, "हाच. किती गोड बोलला बघा."

भाचा बाईंच्याच घरात, मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं लावायचं काम करायचा. दाराच्या चौकटीला अजून रॉकेलचा वास येत होता. वास घालवायला त्याने दोनदा उंबरा धुतला होता, पण लाकूड तो सोडत नव्हतं.

"मावशी हट्टाला पेटलीय," तो म्हणाला. "मी हातापाया पडलो. ती पानं बाहेर आली तर या गावात तिला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"मग गुपचूप गाळायची. फाइल तुझ्याच हातात होती."

"एका मिनिटाचं काम होतं. पण शब्द दिला होता तिला. तुम्हालाही पानं दाखवणार नाही, मागू नका."

"छापली कुठे?"

"दुसऱ्या शहरात, मोठ्या मशीनवर. गेल्या सोमवारी कागद टेम्पोने आले. बाराही फर्मे एकदम. मी मोजून बाइंडरकडे उतरवून घेतले."

"पुस्तकावर प्रकाशक म्हणून नाव कोणाचं?"

"मावशीचंच. खाली या घराचा पत्ता."

मेहुण्याने बाहेर येताच पक्ष बदलला. "दाजी, हा भाचा. घरातल्या घरात कडी घालणं किती सोपं."

दाजी बाइंडरच्या दुकानाकडे निघाले. ते भराभर चालत होते, आणि ते भराभर चालू लागले की मेहुण्याला मागून धावावं लागायचं.

बाइंडरचं दुकान एका गोदामाच्या मागे होतं. एकच खिडकी, तीही कागदांच्या थप्प्यांनी अर्धी झाकलेली. म्हातारा काटक होता. बोलताना वर बघत नव्हता. त्याच्या हातातली हाडाची गुळगुळीत पट्टी कागदावरून सरसर फिरत होती.

"फर्मा म्हणजे काय हो?" दाजींनी अगदी भाबडेपणाने विचारलं.

म्हाताऱ्याने एक मोठा छापील कागद ओढला. "दोन्ही बाजूंनी आठ-आठ पानं छापलेली असतात. अशी एक घडी, अशी दुसरी, अशी तिसरी. झाली सोळा पानं ओळीने. असे बारा जोडले की या बाईंचं पुस्तक." पट्टीखाली घडी चकाकली.

"सफाई आहे हाताला. कुठे शिकलात?"

"सरकारी कारखान्यात. सात वर्षं."

"पुस्तकं वाचताही असाल."

"आकडे बघतो. अक्षरं वाचत बसलो तर बांधून कधी होणार?"

भिंतीशी घड्या घातलेल्या फर्म्यांच्या थप्प्या ओळीने उभ्या होत्या. मेहुण्याने अकरा मोजल्या. कोपऱ्यात जमिनीवर एक थप्पी तशीच सपाट पडली होती, वर फळी आणि फळीवर दगड. मेहुणा सवयीप्रमाणे तिच्यावर टेकायला गेला.

"हात लावू नका त्याला." म्हाताऱ्याचा आवाज चढला नव्हता, तरी मेहुणा मागे सरला. "उशिरा आलाय तो. राहिलाय."

बाहेर उजेडात आल्यावर मेहुण्याने मोठा श्वास घेतला. "त्या दुकानात जीव गुदमरतो."

"उद्या दुपारी चारला बाईंना आणि भाच्याला इथेच आणा," दाजी म्हणाले. "आणि दार उघडं राहील असं बघा. सारा वेळ."

दुसऱ्या दिवशी चारला सगळे त्या अर्ध्या उजेडात उभे होते. मेहुणा उंबऱ्यावर पाय रोवून होता. म्हाताऱ्याने काम थांबवलं नव्हतं.

"चिठ्ठी लिहिणाऱ्याने सोळा पानं मागितली," दाजींनी सुरुवात केली. "खुपणारी पानं फक्त चार. प्रकाशक म्हणाले असते, वसतिगृहाचा भाग काढा. छापील पानांचे आकडे त्यांना ठाऊकच नव्हते. भाच्याला चार आकडे तोंडपाठ होते, आणि त्याला धमकीची गरजच नव्हती. मग सत्त्याण्णव ते एकशेबारा कोण म्हणेल? सहा फर्म्यांची शहाण्णव पानं होतात. सत्त्याण्णवला सातवा सुरू होतो, एकशेबाराला संपतो. ज्याच्या हाताला पुस्तक फर्म्याफर्म्याने लागतं, त्याला चार पानं काढता येतात हे सुचतच नाही."

हाडाची पट्टी थांबली.

"चिठ्ठीच्या तीन घड्या त्याच पट्टीच्या. पत्ता पहिल्या फर्म्यात छापलेला, कारण लेखिकाच प्रकाशक. आणि सातवा फर्मा उशिरा आला नव्हता. बारा एकदम आले. अकरांना तुम्ही घडी घातलीत, याला हात लावला नाहीत."

"हा का पण?" मेहुण्याने विचारलं. "याचं बाईंशी काय वाकडं?"

"कोणत्या सरकारी कारखान्यात माणूस मोजून सात वर्षं काम शिकतो, मेहुणे? तुरुंगातल्या. आणि सात वर्षं कोणाला झाली होती?"

बाईंनी भिंतीचा आधार घेतला. एक्केचाळीस वर्षांपूर्वीचा पंचविशीतला राखणदार त्या या सुरकुतलेल्या चेहऱ्यात शोधत होत्या.

म्हातारा प्रथमच वर बघून बोलला. "गठ्ठा सोडला आणि वरच्याच कागदावर ते दिसलं. 'राखणदाराने कडी घातली.' सात वर्षं भोगली मी. नाव बदललं, गाव बदललं, लग्न केलं नाही, आणि ते पुन्हा माझ्याच हातांनी बांधायचं? हो, चिठ्ठी मी लिहिली. कडी मी घातली. रॉकेलही नेलं होतं. काडी ओढायला हात धजला नाही."

"पुढे वाचलंत?"

"पुढे काय वाचायचं? फळी टाकली वर."

दाजींनी कोपऱ्यातला दगड उतरवला, फळी बाजूला केली आणि वरच्या कागदावरचे पानांचे आकडे पाहिले.

"मी ही पानं वाचलेली नाहीत," ते म्हणाले. "पण प्रकाशकांच्या मते त्यांनी लेखिकेबद्दलची माया जाते. भाच्याच्या मते मावशीला तोंड दाखवता येणार नाही. दुसऱ्याच्या पापाने कोणाची मान खाली जात नाही. तुम्ही वाचलंत ते एकशेपाचवं पान. एकशेसहा त्याच्या पाठीवर असतं. घडी घातलेल्या पुस्तकात पान आपोआप उलटतं. तुम्ही तर कागदच उलटला नाहीत."

म्हाताऱ्याने वरचा कागद दोन्ही हातांनी उचलला आणि उलटला. वाचायला त्याला वेळ लागला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. म्हणून बाईंनीच ते म्हटलं.

"'ते खोटं होतं. त्या दुपारी कडी मी घातली. मला मैत्रिणींबरोबर सिनेमाला जायचं होतं आणि धाकटी मागे लागली होती. चौकशीत राखणदाराकडे बोट झालं तेव्हा मी मान हलवली.'"

भाचा खाली बघत होता.

"मला ठाऊक होतं मी घातली नव्हती," म्हातारा म्हणाला. "पण रोज तेच ऐकलं. दुसऱ्या वर्षापासून माझाच माझ्यावर विश्वास राहिला नाही. रोज कडी बघायला मीच जायचो ना. त्या दिवशी गेलो असेन, विसरलो असेन, असं वाटायला लागलं. आई शेवटी विचारत होती, खरं सांग, घातली होतीस का. मी तिला नाही म्हणू शकलो नाही."

"तुम्हाला शोधलं मी," बाई म्हणाल्या. "निवृत्त झाल्यावर. त्या नावाचा माणूस कुठेच सापडला नाही."

"निवृत्त झाल्यावर," म्हातारा म्हणाला.

बाईंनी मान खाली घातली. मेहुण्याने घसा खाकरून दाजींना हळूच विचारलं, पोलिसांना कळवायचं का. उत्तर बाईंनी दिलं. "कोणत्या तोंडाने तक्रार करू?"

म्हाताऱ्याने कागद पुन्हा थप्पीवर ठेवला, एकशेसहावं पान वर करून.

"प्रती किती म्हणालात?"

"तीनशे."

"त्या वेळी माझा फोटो पेपरात आला होता, बाई," तो म्हणाला. "घरोघर गेला होता."