धाकटीच्या नावाची नळी

रोज सकाळी ट्रेमधल्या नळ्यांतून एकेक थेंब काचेवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, हे प्रयोगशाळेतलं तिचं काम. कोणत्या रुग्णाचं पित्त कितव्या दिवशी कणी धरतं, ते टिपायचं. पित्तक्षार आणि लेसिथिन कोलेस्टेरॉलला विरघळवून सांभाळून घेतात. ते कमी पडले की पातळ चौकोनी पापुद्रे दिसू लागतात, एक कोपरा कुरतडल्यासारखे; खड्यांची ती सुरुवात. बारा वर्षं दुसऱ्यांची पित्तं बघून तिचं स्वतःचं मात्र सहसा खवळत नसे.

सातवी नळी कोणाचीच नव्हती. तुलनेसाठी बाटल्यांतली रसायनं मोजून तिनेच ते मिश्रण केलं होतं. कोलेस्टेरॉल इतकं कमी, की महिनाभर ते नितळ राहायला हवं. पण नावाशिवाय संगणक नळी नोंदवून घेईना. शेवटी वैतागून तिने धाकट्या बहिणीचं नाव ठोकून दिलं.

दुसऱ्याच दिवशी त्या नळीत पापुद्रे होते. माप चुकलं म्हणून ती स्वतःवरच चरफडली. दुपारी धाकटीचा फोन आला.

"ताई, उजव्या बरगडीखाली नुसती कळ मारतेय गं."

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशनचं नाव काढताच धाकटीने हाय खाल्ली. आई ऑपरेशनच्या टेबलावरच गेली होती.

नाव दिलेल्या नळीचा धाकटीच्या खड्यांशी संबंध असावा, असल्या गोष्टींवर थोरलीचा काडीचा विश्वास नव्हता. तरी तिने नळीत थोडा पित्तक्षार घातला. पापुद्रे विरघळले, आणि त्या संध्याकाळी धाकटी पोटभर जेवली. रविवारी प्रयोगशाळा बंद होती. सोमवारी नळीत पुन्हा पापुद्रे, घरी धाकटी पुन्हा गडबडा लोळतेय. त्यानंतर ती रोज थेंब थेंब घालत राहिली. सांगणार तरी कोणाला?

धाकटीच्या फेरतपासणीच्या सकाळी नळी जागेवर नव्हती.

"गढूळ दिसली, ओतून टाकली," बाटल्या धुणाऱ्या मावशी म्हणाल्या. "चांगली घासून ठेवलीय बघा."

नळी स्टँडवर उलटी होती. कोरडी, लखलखीत. लिंबाच्या साबणाचा वास येत होता.

ती धावतच सोनोग्राफीच्या खोलीत पोचली. डॉक्टर पडद्याकडे पाहत होते.

"यांचं पित्ताशय कधी काढलं?"

"काढलंच नाही," ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा पाहिलं. मग धाकटीचं पोट नीट निरखलं. कुठे साधा ओरखडा नव्हता.

"म्हणजे ऑपरेशन टळलं ना, ताई?" धाकटीने उठून तिला घट्ट मिठी मारली.

धाकटीच्या श्वासाला लिंबाच्या साबणाचा वास येत होता.