अर्धं पाऊल आधी

खट्... खट्... खट्.

ड्रायरमध्ये काहीतरी आपटत होतं, आणि त्या आवाजाने शनिवार सकाळची घरातली शांतता मोडली. लेक टिली शेजारी खेळायला गेली होती. मार्नीने ड्रायर थांबवला. तिच्या पंचगिरीच्या राखाडी पँटच्या खिशातून आगपेटीएवढं यंत्र निघालं. चेंडू आणि आऊट मोजायचं, चार इवलीशी चाकं असलेलं. गरम झालं होतं. ती ते तशीच मुठीत धरून उभी राहिली. मूठ गरम, घर गार.

आज फायनल. आर्लोची, तिच्या सोबतच्या पंचाची, इथली शेवटची मॅच. उद्या सकाळी तो वायोमिंगला जाणार, साडेचारशे मैल लांब. वीजतारांच्या कंपनीने त्याची बदली केली होती, दोन वर्षांसाठी. ही बातमी त्याने मागच्या आठवड्यात बुटांच्या लेस सोडता सोडता दिली, आणि मार्नी म्हणाली, "छान. तिकडे डोंगर आहेत ना?"

डोंगर! घरी येईपर्यंत तिने स्वतःला शंभर शिव्या घातल्या होत्या.

हे यंत्र त्यानेच दिलेलं. आठ मेच्या संध्याकाळी ती मैदानावर गेली होती ती फक्त टिलीला सोडायला. तर मोठ्या मुलींच्या सॉफ्टबॉल मॅचला पंच आलाच नव्हता. कुणीतरी म्हणालं, मार्नी शाळेत कॅचर होती, फलंदाजामागे चेंडू झेलायची, तिला करा उभी. आणि लालसर दाढीचा एक उंच माणूस हातात जाळीचा मुखवटा घेऊन समोर आला. तो आर्लो.

"घाबरलीस?"

"नाही."

"मी घाबरलोय. मागचा पंच चौथ्या डावात गाडी काढून निघून गेला."

मग त्याने हे यंत्र तिच्या हातावर ठेवलं आणि एकच नियम सांगितला. ती होमच्या, म्हणजे फलंदाजाच्या जागेच्या, मागे उभी राहणार, तो मैदानात. ज्याचा निर्णय त्याचा. त्याने काही वेगळं पाहिलं, तरी तिने विचारल्याशिवाय तो सांगणार नाही. तिनेही तसंच वागायचं.

"आणि विचारलं तर?"

"विचारलंस तर खरं सांगेन," तो म्हणाला. "आवडो न आवडो."

तेव्हापासून दर मंगळवारी, दर शनिवारी साठ फुटांचं अंतर ठेवून दोघं एकमेकांकडे बघत आली. दोन आऊट झाले की तो मनगटाला दोन बोटं लावायचा, तीही लावायची. पंचांची खूण ती, बाकी काही नाही. पण खूण नसतानाही तिची नजर तिकडे जाऊ लागली... आणि बहुतेक वेळा ती नजर रिकामी परत यायची नाही. एकदा एकोणीस-दोन अशा रटाळ मॅचमध्ये त्याने मनगटाला चार बोटं लावली. तीन आऊटला डाव संपतो, चार आऊट असा प्रकारच नसतो. मॅचनंतर तिने विचारलं, ते काय होतं? तर म्हणे, लिंबू सरबताला चार मिनिटं उरली होती. "विचारलंस म्हणून सांगतो."

ती हसली होती. घरी जाऊन एकटीच पुन्हा हसली होती. मग टिलीला झोपवून स्वयंपाकघरात उभी राहिली, तेव्हा ते हसू सांगायला कुणी नव्हतं.

टिलीचा बाप तीन वर्षांपूर्वी घर सोडून टल्सा शहरात गेला, तो तिकडेच राहिला. रविवारी फोन करतो. मार्नीला त्याची आठवण येत नव्हती. तिला वेगळंच काहीतरी बोचायचं. टिलीला एकशे दोन ताप, दवाखान्यात न्यायचं की सकाळपर्यंत थांबायचं? शाळेतून तक्रार आली, रागवायचं की जवळ घ्यायचं? सगळे निर्णय हिचे. 'तुला काय दिसतंय?' असं ज्याला विचारावं, असं माणूसच घरात नव्हतं. चुकली तर एकटी चुकायची, बरोबर असली तरी एकटीच.

फायनलला गाव लोटलं होतं. मक्याच्या शेतांवरून गरम वारा येत होता. चिप्सच्या पाकिटातच ओतलेला खिमा खात आयाबाया जाळीला टेकल्या होत्या. टिली आपल्या मैत्रिणींबरोबर बर्फाचा निळा गोळा चोखत बसली होती. आर्लोने दुरूनच टोपीला हात लावला. मार्नीने मुखवटा ओढून घेतला. बरं असतं मुखवट्याचं. आत काय चाललंय कळत नाही.

शेवटचा डाव. बरोबरी. दोन आऊट. मनगटाला दोन बोटं... इकडून दोन, तिकडून दोन.

आणि मग फटका बसला. तिसऱ्या बेसवरून ब्रिन नावाची लांबलचक पायांची अकरा वर्षांची मुलगी होमकडे सुटली. वाटेत कॅचर हेडी उभी, चणीने तिच्या निम्मी. मैदानातून चेंडू येत होता. धूळ, धडक, हेल्मेट गडगडत जाळीपर्यंत.

मार्नीचा डावा हात आपोआप बाजूला गेला. अडथळा. हातात चेंडू नसताना कॅचरने धावणारीची वाट अडवायची नसते. "सेफ," ती म्हणाली. म्हणजे धाव झाली, ब्रिनचा संघ जिंकला.

हेडी धुळीत बसून रडत होती. तिला उभं करून, नाकबिक तपासून झाल्यावर तिच्या कोच स्ट्रूबेलबाई होमपाशी आल्या. त्या ओरडल्या नाहीत, हे जास्त वाईट. हेडीच्या हातात चेंडू होता, त्या म्हणाल्या. मग तिला वाट अडवायचा हक्क होता, आणि ब्रिनने घसरून यायचं किंवा वळसा घालायचा. धडक मारली म्हणजे ती आऊट. आणि मुद्दाम मारली असेल तर मैदानाबाहेर.

"तुझ्या जोडीदाराला विचार, पोरी," त्या म्हणाल्या. "नाही विचारलंस तर मी काही करू शकत नाही. पण विचार."

नाही म्हणायचा मार्नीला अधिकार होता. शे-दीडशे माणसं बघत होती, आणि विचारणं म्हणजे आपल्याला खात्री नाही हे चारचौघांत कबूल करणं. तिने मुखवटा काढला, काखेत धरला, आणि आर्लोकडे चालत गेली. साठ फूट. एवढी जवळ ती मॅच चालू असताना त्याच्याकडे कधीच गेली नव्हती.

"आधी तू काय पाहिलंस ते सांग," तो हळूच म्हणाला.

"हेडी वाटेत होती. चेंडू..." ती थांबली. "चेंडू मला दिसला नाही, आर्लो. ब्रिनचा खांदा मध्ये आला. नसेलच, असं मी धरून चालले." मग तिने विचारलं, "तुला काय दिसलं?"

"चेंडू आधी आला. अर्धं पाऊल आधी."

"खात्री?"

"हो."

तिला वाईट वाटायला हवं होतं. उलट छातीवरचं काहीतरी जड उतरल्यासारखं झालं. तिने विचारलं होतं, आणि कुणीतरी खरं सांगितलं होतं.

"आणि धडक? मुद्दाम?"

"मी तिच्या पाठीमागे होतो. चेहरा तुझ्याकडे होता. ते तूच ठरव."

चेहरा तिने पाहिला होता. ब्रिनने डोळे घट्ट मिटले होते, टिली इंजेक्शनच्या वेळी मिटते तसे. इजा करायला निघालेलं पोर डोळे उघडे ठेवतं.

"आणखी काही विचारायचंय?" आर्लो म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता, बुटाकडे बघत होता.

घशापर्यंत आलं होतं... "नाही," ती म्हणाली.

तिने परत येऊन हात वर केला. ब्रिन आऊट, बरोबरी कायम, पण ती खेळत राहील. एका बाजूने शिट्ट्या, दुसऱ्या बाजूने शिव्या. पुढच्या जादा डावात ब्रिनचाच संघ हरला. पोरगी रांगेत उभी राहून सगळ्यांशी हात मिळवत आली, हेडीपाशी थांबली आणि तिने तिची तिरकी झालेली टोपी सरळ केली.

उन्हं कलताना दोघं त्याच्या पिकअपच्या मागच्या फळीवर बसून बूट बदलत होती. गाड्या एकेक करून निघून गेल्या.

"आर्लो, तुला जायचंय का?"

त्याच्या हातातला ब्रश बुटावर थांबला.

"नाही."

"मग जातोस कशाला?"

"शब्द दिला. सही केली, तेव्हा इथे थांबण्यासारखं काही नव्हतं."

"कधी केलीस?"

"सहा मे."

तिला बोटांवर मोजायची गरज नव्हती. दोघं भेटायच्या दोन दिवस आधी.

"नंतर सांगायचंस की."

"तू विचारलं नाहीस," तो म्हणाला, आणि स्वतःच कसनुसा हसला. "हा पंचगिरीचा तोटा बघ. माणूस सगळीकडेच नियम पाळत बसतो." मग हसू मावळलं. "मार्नी, उन्हाळाभर मला चेंडू फार कमी दिसला. तूच दिसत होतीस."

तिने त्याच्या धुळकट हातावर हात ठेवला. त्याने तो उलटा करून तिची बोटं धरली. फोन करेन, असं दोघंही म्हणाली. तिकडे मोबाइलला रेंज नसते बऱ्याच ठिकाणी, हेही त्याने सांगितलं. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

पिकअप फाटकाबाहेर वळेपर्यंत टिली हात हलवत राहिली. मग निळी जीभ, निळे ओठ घेऊन गाडीत पुढच्या सीटवर चढली. एरवी तिला मागे बसावं लागे, आज मार्नीने काही म्हटलं नाही. किल्ली हातात होती, पण ती फिरवावीशी वाटेना.

"तो का गेला?" टिलीने विचारलं.

"त्याचं काम आहे तिकडे."

"त्याला जायचं होतं?"

"नाही."

"तो जावा असं तुला वाटत होतं?"

"नाही गं."

टिलीने बर्फाचा रिकामा कागदी कोन डोळ्याला लावून त्यातून रस्त्याकडे पाहिलं. पिकअपची धूळ अजून मक्यावर तरंगत होती.

"मग आपण का नाही जात?"