दिवेलागणीचा दंड

परभणीहून ताडकळसला निघालेल्या एसटीत पंकजा खिडकीशी बसली होती आणि फोनवर मामेबहिणीला, बबिताला, बँकेचा उद्धार ऐकवत होती.

"दोनशे रुपये कमी पडले म्हणून पाचशे नव्वद कापले गं. चोर निदान गुपचूप येतो. हे ताडकळसच्या शाखेवाले तर मेसेज पाठवून चोरी करायलेत."

शेजारच्या सीटवरचा तरुण मांडीवरची बॅग सांभाळत इतका वेळ मुकाट्याने ऐकत होता. तिनं फोन ठेवल्यावर तो हळूच म्हणाला, "दंड पाचशेच असतो. वरचे नव्वद जीएसटी."

"तुमाला कुणी विचारलं?"

"नाही... कुणी नाही."

"मग?"

"उद्यापासून विचारालच. त्याच शाखेत बदलून आलोय मी. योगीराज. पाथरीचा."

एखादीला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. पंकजाला वाटलं, बरं झालं, आयता सापडला. रस्त्याकडेच्या बाभळींना गाड्यांमधून उडालेला कापूस चिकटला होता, ऊन कलत होतं, खिडकीतून छान वारा येत होता, आणि त्या बिचाऱ्याला ताडकळस येईपर्यंत यातलं काही बघता आलं नाही. तो नुसता ऐकत राहिला.

ताडकळसच्या पेठेत तिच्या वडिलांचं, रंगनाथ आप्पांचं, कापडाचं दुकान होतं. आप्पांचे गुडघे गेले तसं दुकान पंकजानं हाती घेतलं. आप्पा आता फक्त गल्ल्यापाशी बसत, पण गल्ल्यावर हुकूम त्यांचाच. दुकानाच्या चालू खात्यावर बँकेनं ओव्हरड्राफ्ट दिला होता. म्हणजे खात्यात पैसे नसले तरी ठरलेल्या मर्यादेपर्यंत उचलायचे आणि व्याज भरायचं. मर्यादेच्या वर रुपया गेला की दंड. आणि सुरतेच्या व्यापाऱ्याचा हप्ता नेमका आठवडी बाजाराच्या रात्री खात्यातून आपोआप कापला जाई. त्या रात्री दुकानाचा गल्ला नोटांनी फुगलेला असे आणि खात्यात ठणठणगोपाळ.

त्यामुळे बाजाराच्या दुसऱ्या दिवशी पंकजा शाखेत हजर.

"साहेब, काल किती लुटलं?"

"नेहमीएवढंच."

"लाज वाटत न्हाई?"

"मला वाटते. सिस्टीमला वाटत नाही, त्याला मी काय करू?"

"हप्त्याचा वार बदलायचा अर्ज मी दिवाळीच्या आदीच दिलाय."

"शोधला. सापडत नाही."

"मग ते बी माझ्याच खात्यातून कापा."

त्यानं नवा अर्ज घेतला, वर पाठवला, फोन केले. वरून उत्तर आलं की अर्ज विचाराधीन आहे. पुढच्या आठवड्यात पुन्हा दंड, पुन्हा भांडण, आणि घरी आल्यावर आप्पांपुढं त्या पाथरीच्या साहेबाचा उद्धार. ती चिडली की त्याचे कान लाल होत. ती यायच्या आधीच समोरची खुर्ची पुसून ठेवलेली असे. पंकजाला याचाही राग येई. खुर्ची पुसायला वेळ आहे, अर्जाचं काय? आणि एक दिवस बँकेत जाताना आपण ओढणीला इस्त्री करतोय हे तिच्या ध्यानात आलं, तेव्हा तर ती स्वतःवरच अशी भडकली की इस्त्री तशीच आपटून निघाली.

त्या दिवशी त्यानं भलतंच विचारलं. "एक सांगा. बाजारच्या संध्याकाळी तुमच्या गल्ल्यात पैसे असतात ना? पेठेतलं बँक मित्राचं केंद्र रात्रीपर्यंत उघडं असतं. तिथं भरत का नाही?"

हेच पंकजाला कधी सांगायचं नव्हतं. शहाणी, शिकलेली, जीएसटीचे रिटर्न स्वतः भरणारी पोरगी... काय सांगणार?

"हसणार न्हाई ना?"

"नाही."

"दिवे लागल्यावर आप्पा गल्ल्यातला रुपया बाहेर जाऊ देत न्हाईत. लक्ष्मी जाती म्हणतात. आन् बाजारच्या दिशी खरी विक्री चारनंतरच. मोजून होईस्तोवर दिवे लागलेले. फोनवरून पाठवते म्हणलं तर म्हणतात, लक्ष्मीला फोन कळत न्हाई का?"

तो हसला नाही. पेन खाली ठेवून म्हणाला, "आमची माय दिवे लागल्यावर शेजारणीला विरजण बी देत न्हाई."

इतके दिवस हा माणूस तिच्याशी बँकेची भाषा बोलत होता. आज पहिल्यांदा घरची बोलला. पंकजाला भांडायला म्हणून आणलेलं एकही वाक्य आठवेना. ती तशीच उठून आली आणि दिवसभर गिऱ्हाइकांना चुकीची मापं फाडून देत राहिली.

पण सुख कसलं टिकतंय? पुढच्याच आठवड्यात मॅनेजरनं तिला केबिनमध्ये बोलावून बजावलं. आणखी एकदा खातं मर्यादेच्या वर गेलं, तर ओव्हरड्राफ्ट निम्म्यावर आणू. लग्नसराई तोंडावर आली होती. निम्म्या पैशात बस्त्याचा माल भरायचा कसा? बस्ता बांधायला आलेल्या वऱ्हाडाला रिकाम्या फळ्या दाखवल्या, की ते वऱ्हाड पूर्णेच्या पेठेत जाणार आणि पुन्हा कधी परतणार नाही. तिनं आप्पांना समजावलं, हात जोडले, अबोला धरला. आप्पा म्हणाले, "बँकेपायी लक्ष्मीला बाहेर काढू व्हय?"

बाजाराचा दिवस आला. रात्री हप्ता कापला जायची वेळ झाली. पंकजानं देवाचं नाव घेऊन फोन बघितला. दंडाचा मेसेज नव्हता. त्याऐवजी दुसराच होता. हप्त्याच्या थोडं आधी तिच्या खात्यात अकराशे रुपये जमा झाले होते. पाठवणाऱ्याचं नाव, योगीराज.

आधी तिला बरं वाटलं. मग बरं वाटल्याचा संताप आला. याचे पैसे माझ्या खात्यात? मी काय भीक मागितली? आणि बँकेच्या माणसानं गिऱ्हाइकाच्या खात्यात स्वतःचे पैसे घातले, हे वर कळलं तर याची नोकरी राहील का? फोनवरून परत पाठवणं सोपं होतं, पण मग भांडायचं कसं? सकाळी नोटा मुठीत धरून ती शाखेत गेली, तर योगीराज परभणीला मीटिंगला गेलेला. नोटा पुन्हा गल्ल्यात टाकून ती दिवसभर दारापुढच्या रस्त्याकडं बघत, आल्यागेल्यावर खेकसत बसली.

तो आला तेव्हा तिन्हीसांज झाली होती. एसटीतून उतरून थेट दुकानापाशी. आप्पांनी नुकताच देवापुढं दिवा लावला होता.

"कुणी सांगितलं होतं तुमाला?" पंकजानं त्याला पायरीवरच गाठलं.

"कुणी नाही."

"नोकरी जाईल ना."

"जात नाही. सकाळीच, परभणीला निघायच्या आधी, मॅनेजरला मी स्वतः सांगितलं. बोलणी बसली, लेखी खुलासा दिला. आणि... तुमचा वार बदलून आणलाय. आता हप्ता बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दुपारी कापला जाईल. दंडाचं मिटलं."

मिटलं. किती दिवस तिला हेच हवं होतं. आणि आता ते मिळालं, तर नकोसं वाटलं. म्हणजे आता बँकेत जायचं कारणच उरलं नाही.

"एवढं कशाला केलंत?" तिचा आवाज नको तितका बारीक झाला.

"माल भरला नसता तर दुकान बसलं असतं. मग तुमी भांडायला आल्या नसत्या." तो खाली बघत म्हणाला. "मला त्या भांडणाची सवय लागलीय, पंकजा. आता दंडबी न्हाई... कोणत्या तोंडानं या म्हणू?"

त्याचे कान लाल झाले होते. कमाल झाली या माणसाची, तिला वाटलं. अर्ज विसरत नाही, जीएसटी विसरत नाही, आणि एवढी साधी गोष्ट सांगायला सगळा मोसम घालवतो. चिडावं की रडावं तिला कळेना. ती तरातरा आत गेली, गल्ला उघडला आणि अकराशे रुपये मोजून घेतले.

"पंकजा," आप्पा चष्म्यावरून बघत म्हणाले, "दिवे लागलेत."

"ठावं हाय."

"मग? बाहेरच्याच्या हाती..."

"बाहेरच्याला कोण द्यायलंय, आप्पा?"

तिनं नोटा योगीराजच्या हातात ठेवल्या आणि हात लगेच मागं घेतला नाही. त्या त्यानं मोजल्याही नाहीत. पंकजा मान खाली घालून उभी राहिली आणि आप्पा ओरडायची वाट बघू लागली.

आप्पांनी एकदा लेकीकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं. मग गल्ल्याचं झाकण स्वतःच्या हातानं लावलं आणि गादीवर थोडं सरकून जागा केली.

"या, बसा," ते म्हणाले. "पाथरीत कुणाच्या घरचे तुमी?"