कोंब कुणीकडे वळले

अंधारात उगवलेला कोंब सरळ वर जातो. उजेडाची तिरीप असेल तर तो तिकडे वळतो. नसेल तर त्याला वळायचं कारणच नसतं. सरकारी बियाणे संशोधन केंद्रात अकरा वर्षं काढलेल्या तिला यावर कधी वेगळा विचार करावा लागला नव्हता.

तिचं काम सोपं आणि कंटाळवाणं होतं. शीतगृहातलं जुनं बियाणं अजून जिवंत आहे का, हे पाहायचं. शंभर दाणे मोजायचे, ओल्या टिपकागदावर मांडायचे, ट्रे अंधाऱ्या कपाटात ठेवायचा आणि उगवले किती ते लिहायचं. माणूस आत बसू शकेल एवढी मोठी कपाटं दोन होती, लांबलचक बोळाच्या दोन टोकांना. रोज सकाळी साडेसातला सहायक बाई ट्रे बघून नोंद करायच्या. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या या बाईंचं अक्षर छापल्यासारखं होतं. ती स्वतः दहाला यायची.

एका सोमवारी नोंदीखाली एक जादा ओळ होती. ‘कोंब वाकडे. सगळे एकाच बाजूला.’

“उजेड शिरतोय कुठून तरी,” ती म्हणाली.

“मी आत बसून, दार लावून घेतलं होतं मॅडम. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही आत.”

तिने ट्रे अर्धा फिरवून ठेवला. दुसऱ्या दिवशी कोंब पुन्हा त्याच दिशेला वळलेले होते. दुसऱ्या कपाटातलेही वळले होते, पण भलतीकडे. इमारतीचा जुना आराखडा काढून तिने दोन्हीकडून पट्टीने रेघा मारल्या. त्या भांडारात एकमेकींना छेदत होत्या. खिडकीमागे, जिथे भांडारकाकांचं स्टूल होतं, बरोबर तिथे.

भांडारकाका म्हणजे केंद्रातला एकमेव मोकळा माणूस. टिपकागद मागायला गेलं की म्हणायचे, “सरकारी बी आहे ताई, उगवेल सावकाश. घाई खासगीला.” त्या दिवशी त्यांनी मुकाट्याने गठ्ठा पुढे सरकवला.

“बरं नाही का काका?”

“तसं काही नाही.” त्यांनी मान वळवून मागच्या भिंतीकडे पाहिलं. “पण हल्ली कुणीतरी टक लावून बघत असल्यासारखं वाटतं. वय झालं, दुसरं काय.”

ती हसली. आराखड्याची घडी तिच्या हातातच होती. सांगावं असं ओठांपर्यंत आलं. पण सांगणार काय?

संचालकांना मात्र तिने सांगितलं. त्यांनी आराखडा उघडलासुद्धा नाही.

“प्रकाशगळती लिहा आणि विषय संपवा. पुढच्या आठवड्यात समिती येतेय. तुमच्या कंत्राटाच्या मुदतवाढीचा कागदही त्यांच्यासमोरच जाणार आहे. वाकड्या कोंबांवर बोलायचंय का तुम्हाला तेव्हा?”

तिने प्रकाशगळती लिहिलं. खाली सही केली.

गुरुवारी काका रजेवर गेले. त्या दिवशी रेघा इमारतीत कुठेच भेटेनात. तिने शहराचा नकाशा पसरला. रेघा कुंपणाबाहेर गेल्या, बाजार ओलांडला आणि कालव्यामागच्या एका गल्लीत मिळाल्या. काकांचा पत्ता तिने कार्यालयातून विचारून घेतला. गल्ली तीच होती.

तिने फोन हातात घेतला. मग ठेवला. ‘काका, गव्हाचे कोंब तुमच्याकडे बघताहेत’ हे कुणी कुणाला कसं सांगावं?

रविवारी काका खुर्चीत बसल्या बसल्या गेले. हृदयविकार, असं डॉक्टर म्हणाले. सोमवारी दोन्ही कपाटांतले कोंब ताठ सरळ होते.

समिती आली, चहा पिऊन गेली. मुदतवाढ मिळाली. अभिनंदन करणाऱ्यांच्या नजरेला नजर देणं तिला जड जात होतं. भांडाराच्या खिडकीकडे ती वळेनाशी झाली. टिपकागद बाईंनाच आणायला सांगायची.

पंधरा दिवसांनी बाई तिची वाट बघत दारात उभ्या होत्या.

“परत वळलेत मॅडम.”

बाईंनी साडेसातला टिपलेल्या दिशांवरून तिने रेघा मारल्या. पहिल्यांदा हात चुकला असं वाटलं म्हणून पुसून पुन्हा मारल्या. पाण्याच्या टाकीजवळचा चौक, डावीकडची तिसरी इमारत. तिची. घरात दोघीच, ती आणि आई.

ती तशीच घरी धावली. आई भाजी निवडत बसली होती.

“एवढ्या लवकर?”

“आई, तुला कुणी बघतंय असं वाटतं का गं?”

“मला कोण बघणार या वयात?” आई हसली. मग लेकीचा चेहरा पाहून तिने भाजी बाजूला ठेवली.

यावेळी तिने वेळ घालवला नाही. दुपारच्या बसने आईला दादाकडे पोहोचवलं, पाच तासांच्या अंतरावर. “मला काय धाड भरलीय म्हणून घालवतेस?” असं आई वाटभर विचारत राहिली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पहिल्या बसने ती परत फिरली आणि उशिरा, थेट केंद्रात आली.

“सकाळी कोंब कुठे वळले होते?” तिने विचारलं.

बाईंनी जिल्ह्याचा नकाशा पुढे केला. रेघा त्यांनीच मारल्या होत्या. दादाच्या गावापर्यंत त्या गेल्या नव्हत्या. घरावरही नव्हत्या. शहराबाहेर, दादाच्या गावाच्या वाटेवरच्या हमरस्त्यावर मिळत होत्या.

“साडेसातला तुम्ही कुठे होतात मॅडम?” बाईंनी हळू विचारलं.

साडेसातला ती बसमध्ये होती. त्याच रस्त्यावर.

आणि आदल्या दिवशी साडेसातला ती नेहमीसारखी घरीच होती.

तिने कपाट उघडलं. कोंब दाराकडे वळलेले होते.

तिने दार लावलं. खुर्चीवर बसली. तासाभराने बाईंनी दुसऱ्या टोकाचं कपाट उघडून पाहिलं, परत येऊन तिच्या खुर्चीकडे पाहिलं, आणि आपलं सामान तिच्यापासून लांब, खिडकीपाशी हलवलं.

खोलीत वारा नव्हता. पंखा बंद होता. टेबलावर उद्याच्या चाचणीचे कोरडे दाणे होते. पांढऱ्या कागदावर, दहा-दहाच्या ओळींत, बाईंनी सकाळीच मांडून ठेवलेले.

आता ओळी नव्हत्या. शंभर दाणे कागदाच्या एकाच कडेला गोळा झाले होते, तिच्या कोपराला लागून.