काजळीची काच

देवपुरातल्या गॅरेजच्या पाटीवर नाव एकट्या निंबा मिस्त्रीचं होतं, आणि त्याचा धाकटा भाऊ जीवराम रोज सकाळी त्या पाटीखालून मान खाली घालून आत शिरायचा. त्रेपन्न सालच्या चैत्रात निंबा गेला. तेरावं उरकलं, आणि चौदाव्या दिवशी, सोमवारी, जीवराम पहिल्यांदा मान वर करून आत शिरला. भाऊ गेल्याचं त्याला दुःख नव्हतं. उगाच खोटं कशाला सांगा? सात वर्षं दोघं एका पत्र्याखाली एकमेकांशी अवाक्षर न बोलता काम करत होते.

कारण तसं साधंच होतं. जीवरामनं बसवलेलं इंजिनाचं एक हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, गळलं, तेव्हा निंबानं चार गिऱ्हाइकांदेखत सांगितलं होतं, "ह्याना हात हेडले लागू देऊ नका. ह्याले पंक्चरच काढू द्या." त्या दिवसापासून जीवरामनं पंक्चरं काढली, साखळ्या धुतल्या आणि दातओठ खाल्ले. इंजिन उघडायचं नि मिटवायचं काम निंबाचं. त्याचा हात सगळ्या धुळ्यात नावाजलेला. त्या हाताच्या अंगठ्यावर करवतीचा जुना व्रण होता, आडवा, खोल. काळ्या हातानं त्यानं चहा घेतला की पांढऱ्या बशीवर मधोमध चिरलेला, दोन तुकड्यांचा ठसा उमटायचा. तो घासून काढताना त्याची बायको झुंबरबाई रोज कुरकुरायची.

निंबा गेला तोही कामाच्या टेबलापाशी, एका उघड्या हेडावर डोकं टेकून. म्हणून रिवाजाचं पीठसुद्धा गॅरेजातच पसरलं होतं. माणूस जिथं शेवटचा श्वास घेतो तिथं पीठ पसरायचं, वर टोपली झाकायची आणि सकाळी बघायचं, कुणाचं पाऊल उमटलं ते. पाखराचं उमटलं तर पाखराच्या जन्माला गेला, गाईचं उमटलं तर गाईच्या. सकाळी टोपली उचलली तर पीठ जसंच्या तसं. म्हाताऱ्या एकमेकींची तोंडं बघू लागल्या. "कोठेच गया नही," त्यातली एक पुटपुटली. जीवरामला हसू आलं होतं. ज्याला फूटपट्टी लागत नाही अशा कशावर त्याचा विश्वास नव्हता.

ते उघडं हेड सोनगीरच्या पितांबरच्या मोटारसायकलीचं होतं. लष्कराच्या लिलावातली जुनी, एका सिलिंडरची गाडी. सोमवारी सकाळी कुलूप निघायच्या आधीच तो दारात उभा होता.

"बुधवारलोंग गाडी व्हयी का नही ते सांग. नही तं मी जळगावले लई जासू."

"व्हयी," जीवराम म्हणाला.

"हेड तू बसाडशी?"

"मीच."

पितांबर गालातल्या गालात हसला. बाहेर लिंबाखाली आणखी दोन गाड्या उभ्या होत्या, आणि त्यांचे मालकही बुधवारी काय होतं ते बघून ठरवणार होते. हे हेड गळलं तर पाटीवर जीवरामचं नाव कधीच लागणार नव्हतं.

त्यानं काम मन लावून केलं. हेडातला कार्बन लाकडी पट्टीनं खरवडला, हेड रॉकेलनं धुतलं. हेड आणि सिलिंडरच्या मध्ये बसणारं तांब्याचं गॅस्केट शेगडीत लाल करून पाण्यात विझवलं, म्हणजे ते मऊ पडतं. मग जाड काच घेतली, तिच्यावर दिव्याची काजळी तेलात कालवून पातळ फासली आणि हेड पालथं घालून हलकेच फिरवलं. उंचवट्याला काळं लागतं, खोलगट भाग कोरा राहतो. उंचवटा पॉलिश पेपरवर घासायचा आणि हेड पुन्हा काचेवर फिरवायचं. बारा वाजेपर्यंत हेडाचा काठ सगळीकडून सारखा काळा येऊ लागला. निंबाला तरी याहून काय जमलं असतं? काच पुसून त्यानं नवी काजळी लावली, शेवटच्या खात्रीसाठी हेड तिच्यावर ठेवलं, दाराला कुलूप घातलं, किल्ली कमरेच्या करगोट्याला अडकवली आणि मागच्या घरात जेवायला गेला.

परत येऊन त्यानं हेड उचललं. काठाच्या बरोबर खाली, चौथ्या नटाच्या भोकापाशी, काजळीत एक अंगठा उमटला होता. मधोमध आडवा चिरलेला.

काचेवरचा जुना डाग असेल, असं त्यानं ठरवलं. काच आपणच आत्ता पुसली होती हे आठवूनही ठरवलं. हेड बसवलं, सहाही नट आलटून-पालटून समोरासमोरचे आवळले आणि किक मारली. फुस्स झालं. काठावर साबणाचं पाणी टाकल्यावर चौथ्या नटापाशी बुडबुडे आले, बाकी सगळीकडे कोरडं ठाक.

मंगळवारी त्यानं हेड पुन्हा उतरवलं. झुंबरबाई चहा घेऊन आली. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात कधी घेतलं नव्हतं, तिथल्या बायका घेत नाहीत. दिराला मात्र ती लग्न होऊन आल्यापासून नावानंच हाक मारी.

"वहिनी, काल दुपारना आठे कोनी उनं व्हतं का?"

"किल्ली तुमनाच कंबरले शे, जीवरामभाऊ." मग तिची नजर काचेकडे गेली. "पीठवर काहीच उमटनं नही. मी अजून वाट देखस."

दिवसभर त्यानं घासलं. दुपारी पुन्हा काच, पुन्हा काजळी, पुन्हा कुलूप. जेवून येऊन हेड उचललं तर ठसे सहा होते, प्रत्येक भोकापाशी एक. सगळे चिरलेले.

जीवरामचं डोकं फिरलं. मेल्यावरसुद्धा याला माझा हात हेडाला लागलेला खपत नाही, असं त्याला वाटलं, आणि तो निंबाच्या रिकाम्या टेबलाकडे बघून थुंकला. स्वतःचा अंगठा काजळीत घोळवून त्यानं त्या ठशांशेजारी दाबला. गोल, अखंड, भोवऱ्यासकट उमटला.

"देख," तो मोठ्यानं म्हणाला. "हाऊ मना हात शे."

त्या संध्याकाळी हेड सहाही जागी फुसफुसलं.

बुधवारी पितांबर सकाळीच येऊन दारात स्टुलावर बसला. लिंबाखालचे दोघंही आले. जीवरामनं आज कुलूपबिलूप घातलं नाही. काचेवर हेड ठेवलं आणि पापणी न हलवता समोर बसून राहिला. पत्रा तापून कडकड वाजत होता. तासाभरानं हेड उचललं. काच स्वच्छ होती, काठ सारखा काळा होता.

त्यानं हेड पुसलं, गॅस्केट घातलं, हेड बसवलं, पाना उचलला.

पहिला नट. दुसरा. तिसरा.

चौथ्याला तो नेहमीच्या जागी थांबला.

पाना थांबला नाही.

त्याच्या अंगठ्यावर काहीतरी टेकलं होतं. थंड, जड. एवढ्या उन्हात थंड. ते दाबत होतं, आणि पाना पाव फेरा पुढं सरकत होता, आटे तुटतील या भीतीनं जीवराम जिथं कधीच जायला धजला नसता तिथवर.

"सोड," तो म्हणाला.

"मी कोठे धरं?" पितांबर म्हणाला.

पाचवा नट. सहावा. मग परत पहिल्यापासून. हात मागं घ्यायला तो धडपडला. हात आला नाही.

शेवटी पाना खाली पडला, तेव्हा हात मोकळा झाला.

किकवर पितांबर सगळं अंग टाकून उभा राहिला. आत दाब असा कोंडला होता, की ती खाली जाईना. साबणाच्या पाण्यात एक बुडबुडा नाही. दुसऱ्या प्रयत्नाला इंजिन धडधडायला लागलं.

"हाऊ तं निंबा नानाना हात शे," पितांबर म्हणाला आणि गाडी घेऊन गेला. लिंबाखालच्या दोघांनी आपल्या गाड्या ढकलत आत आणून लावल्या.

जीवरामला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. त्यानं झुंबरबाईनं मघाशी ठेवलेला गार चहा उचलला, एका घोटात संपवला आणि बशी खाली ठेवली.

पांढऱ्या बशीवर काळा अंगठा उमटला होता. दोन तुकड्यांचा.

त्यानं अंगठा धोतराला पुसून उजेडात धरला. कातडी अखंड होती. काजळीत बुडवून त्यानं तो बशीच्या दुसऱ्या काठावर दाबला.

पुन्हा दोन तुकडे.

झुंबरबाई कपबशी न्यायला आली. तिनं बशी हातात घेतली आणि बराच वेळ बघत राहिली. आज ती कुरकुरली नाही. डोक्यावरचा पदर तिनं कपाळापर्यंत पुढं ओढला.

"भाकर वाढेल शे," ती खाली बघत म्हणाली. "चला."

ती आपलं नाव घेईल म्हणून जीवराम थांबला. तिनं घेतलं नाही.