पोटगोळी

द्वारकाबाई केंद्रे यांनी तुराट्यांचा भारा गव्हाणीत टाकला आणि चौदा रेडे त्या कडाकडा मोडून खाऊ लागले. तुरीच्या वाळक्या काड्या म्हणजे खरं तर चुलीचं जळण. पण सावरमाळ गावात गेली तीन वर्षं जनावरं हेच खात होती, आणि तरी त्यांच्या पाठी तेल चोळल्यासारख्या चमकत होत्या.

ही पोटगोळीची करामत होती. लिंबाएवढी गोळी घशाखाली उतरवली की ती पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात विरघळायची आणि तिच्यातून प्रयोगशाळेत घडवलेले जिवाणू बाहेर पडायचे. गवत पचवणं हे जनावराचं एकट्याचं काम नसतं. ते पोटातले जिवाणू करतात. या नव्या जिवाणूंना लाकूडही पचत असे. लागोपाठच्या तीन कोरड्या पावसाळ्यांतल्या पहिल्यातच कडबा दिसेनासा झाला, तेव्हा पशुवैद्य नसरीन पटेल हिनं स्वतःच्या हातानं गावातल्या एकूण एक जनावराला गोळी दिली. द्वारकाबाई मांसासाठी रेडे पोसत. नवऱ्यामागं त्यांनी एकटीनं उभा केलेला तो व्याप त्या गोळीनं तगला.

चौथ्या वर्षी पाऊस झाला. श्रावणात गायरान गुडघाभर हिरवं झालं.

"जा रे बाबांनो, खा आता पोटभर," म्हणत द्वारकाबाईंनी दावी सोडली.

दुपार कलायच्या आत सहा रेडे आडवे झाले. डाव्या कुशी नगाऱ्यासारख्या ताणलेल्या. नसरीन मोटारसायकलवरून धावून आली, कुशीत नळी खुपसून तिनं वायू सोडला, तेल पाजलं. एकही वाचला नाही. मग तिनं एकाच्या पोटातलं पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि बराच वेळ डोळा वर केला नाही.

"काकू, उरलेल्यांना मुसकी बांधा. गवताला तोंड लावू देऊ नका."

"जनावराला गवत बंद? काय बोलतेस पोरी?"

"नव्या जिवाणूंनी जुने सगळे खाऊन टाकलेत. काडी त्यांना सावकाश पचते. कोवळ्या गवताचा मात्र घटकेत वायू होतो, जनावराला ढेकरही देता येत नाही."

"मग जुने परत घाल की."

"घालता येतात. चांगल्या जनावराच्या पोटातलं पाणी काढून ह्यांना पाजायचं. पण गोळी न घेतलेलं जनावर आणू कुठून?"

द्वारकाबाईंना थावरा राठोड आठवले. बारा कोसांवरच्या तांड्यावरच्या त्या म्हाताऱ्यानं गोळीवाल्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी तिथं गेल्या. थावरांनी एक शब्द न विचारता आपली गोठ्यात वाळल्या पाल्यावर पोसलेली लाल गाय धरून दिली. नसरीननं तिच्या घशातून नळी घातली, पाणी ओढलं, थेंब काचेवर घेतला.

"हिच्यातही तेच आहेत," ती म्हणाली.

"मी गोळी दिलेली नाही!" थावरा ओरडले.

"माहीत आहे, बाबा. ओढ्याच्या पाण्यातून आलेत. शेणातून ओढ्यात उतरले असतील."

परतीच्या वाटेवर हिरव्या गवतात तीन हरणं पडली होती, पोटं फुगून. नसरीननं गाडी थांबवली नाही.

नव्या तुराट्या निघायला पौष उजाडणार होता. शेजारच्या गावांतही हीच गत, त्यामुळे जुने ढीग महिन्यात संपले. लोकांनी कुंपणाच्या बाभळी तोडल्या, मग बांधावरचे लिंब. मुसकी बांधलेले आठ रेडे हिरव्या माळाकडे बघत वाळत चालले. एक दिवस नसरीन गोठ्याच्या दारात बसून रडू लागली.

"उगी," द्वारकाबाई म्हणाल्या. "तू गोळी दिलीस, पण तोंडं मीच उघडून धरली होती."

भाद्रपदात त्यांची घरच्या दुधासाठी ठेवलेली म्हैस व्याली. वगार झाली. नवजात पिलाच्या पोटात जिवाणू नसतात, आईच्या जिभेतून ते येतात, असं नसरीननं सांगून ठेवलं होतं. म्हशीनं चाटायच्या आत द्वारकाबाईंनी वगार पोत्यात गुंडाळून उचलली. म्हैस दोन दिवस हंबरत होती. द्वारकाबाई कानाला पदर लावून दूध उकळत राहिल्या आणि उकळलेलं दूधच वगारीला पाजत राहिल्या.

"दुधावर ती जगेल," नसरीन म्हणाली, "पण गवतासाठी जुने जिवाणू लागतीलच. मातीत, वाऱ्यात कुठं थोडे उरले असतील तर..."

"आणि नवेच उरले असतील तर?"

नसरीन वगारीची कूस चाचपू लागली.

पाचव्या आठवड्यात, नसरीनसमोरच, वगारीनं घरामागच्या गवताला तोंड लावलं. पहिल्यांदा नुसतं हुंगलं. मग घास तोडला, मग आणखी एक. अडवायला द्वारकाबाईंचा हात पुढं झाला होता, तो त्यांनी मागं घेतला. कधी तरी खावंच लागणार होतं तिला. थोड्या वेळानं ती खाली बसली. दोघी तिच्या दोन अंगांना बसल्या, आणि द्वारकाबाईंनी तिच्या डाव्या कुशीवर तळहात ठेवला.

"घट्ट लागतंय गं."

"पोट भरल्यावर लागतंच, काकू. थांबा जरा."

कूस तळव्याखाली हळूहळू वर येत होती. नसरीननं पिशवीतून नळी काढून मांडीवर ठेवली. वगारीनं डोळे अर्धे मिटले, मान लांब केली, आणि तिच्या घशात काहीतरी हललं. तो रवंथासाठी वर येणारा घास होता, की अडकलेला वायू?