धनवंतीची हाक

क्षिप्रा मोरा बंदरावर गेली ती तासाभराच्या कामासाठी. खांदेश्वरच्या फ्लॅटमध्ये बसून लोकांच्या वेबसाइट सांभाळणं हा तिचा धंदा, आणि मच्छीमारांच्या सोसायटीचं हे काम तिला ओळखीतून मिळालं होतं. ओळखीतली कामं तासाभरात संपल्याचं कोणी पाहिलंय? पण येताना ताजी मांदेली आणता येतील, एवढ्या आशेवर ती निघाली.

काम तसं गमतीचं होतं. पूर्वी होडी परतली की तिचा म्होरक्या, म्हणजे तांडेल, लांबूनच हाक मारायचा, आणि काठावरून कोणीतरी ‘आलो!’ म्हणून ओ द्यायचं. मग पाट्या नि बर्फ घेऊन माणसं धक्क्यावर उतरायची. आता तांडेलाने मोबाइलवर आपल्या होडीचं नाव दाबायचं, की धक्क्यावरच्या भोंग्यातून ‘आलो!’ वाजायचं. ऑफिसातला जुना कॉम्प्युटर हाच सर्व्हर. कोणी मासळीचा भाव मागितला, ओहोटीची वेळ मागितली, तर ठेवलेलं पान उचलून द्यायचं. पण मागणीच्या पत्त्यात ‘हाक’ असेल तर पानबिन न शोधता सरळ भोंगा वाजवणारी स्क्रिप्ट चालवायची, एवढंच क्षिप्राला त्याला शिकवायचं होतं.

भोंग्यातला ‘आलो!’ रूपेशच्या आवाजात रेकॉर्ड केलेला होता. रूपेश सोसायटीचा क्लार्क. आधीची वेबसाइट त्यानेच रात्रंदिवस खपून बनवली होती आणि कमिटीने ती मोडीत काढली होती. त्यामुळे क्षिप्रा आल्यापासून तो तोंड पाडून बसला होता. तिच्या नजरेतून ते सुटलं नव्हतं.

चेअरमन हिरामणकाका, जुने तांडेल, पाठीशी उभे राहून बघत होते.

“कोनी पन हाक मारली का वाजनार हा?”

“हो काका, लगेच.”

“लगेच नको, पोरी. पहिल्या हाकेला आमी ओ देत नाय. कोन हाय ते बघतो, मंग.”

“होड्यांच्या नावांची यादी टाकते ना नंतर. यादीबाहेरच्या नावाला वाजणार नाही. आधी चालू तर होऊ दे.”

म्हातारा डोक्याचा रुमाल नीट करून जेवायला गेला. आणि क्षिप्राने यादी नंतरवर ढकलली.

दुपार तापली होती. ओहोटी लागून लाँचही बंद होत्या. धक्क्यापासून दूरवर नुसता काळा चिखल, आणि त्याचा तो गोडसर कुजका वास खिडकीतून आत येत होता. कुत्रंसुद्धा बाहेर नव्हतं. अशा वेळी भोंगा वाजला.

“आलो!”

क्षिप्राने स्क्रीनवर पाहिलं. मागणी आली होती, स्क्रिप्ट चालली होती, नाव होतं ‘धनवंती’.

“धनवंती कोणाची रे?”

रूपेशने मान वर केली नाही. “आमची होती.”

“होती?”

“मागल्या साली बुडाली. माझा मोठा भाऊ सदूदादा होता तिच्यावर, तो पन गेला. मी पन जानार होतो... ताप आला म्हनून आयेनं थांबवलं.”

क्षिप्राला क्षणभर वाईट वाटलं. मग तिने मागणी कुठून आली ते तपासलं आणि तिचं डोकंच फिरलं. मागणी ऑफिसच्याच वायफायवरून आली होती, आणि सर्व्हर सोडला तर त्या वायफायवर दोनच यंत्रं होती: तिचा लॅपटॉप आणि रूपेशचा फोन. म्हणजे हा असा सूड उगवतोय! मेलेल्या भावाचं नाव वापरून? असल्या माणसाची तिला किळस आली.

“फोन दे इकडे.”

त्याने मुकाट्याने दिला. कांगावा नाही, वाद नाही, म्हणून तिचा संशय आणखीच वाढला. तिने फोन बंद करून पर्समध्ये टाकला आणि त्याला समोरच्या खुर्चीत बसवलं. “हात टेबलावर ठेव.”

त्याने ठेवले. पंखा गरगरत होता. चिखलाचा वास आता खोलीतच मुरला होता.

“आलो!” भोंगा ओरडला.

पुन्हा धनवंती.

“टायमर लावलायस ना कुठेतरी? खरं सांग.”

“मॅडम, बंद करा...” रूपेशचे ओठ पांढरे पडले होते. “आवाज माझा हाय... ओ मीच दिली ना त्याला...”

नाटकं, असं ती मनात म्हणाली खरी, तरी तिने स्क्रिप्टची ओळ खोडली, सर्व्हर पुन्हा चालू केला, वर भोंग्याची वायरही उपटली. थोड्या वेळाने धनवंतीची मागणी परत आली. सर्व्हरने सरळ सांगितलं, असं पान इथे नाही. क्षिप्राने सुटकेचा निःश्वास सोडला.

तिच्यामागे कोणीतरी हळूच म्हणालं, “आलो.”

ती लगेच वळली नाही. आता हा तोंडाने करायला लागला, असा तिला राग आला होता. वळली तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि दार उघडं.

ती धावत धक्क्यावर गेली. रूपेश चिखलातून पाण्याकडे चालला होता. कोणीतरी बोट धरून नेत असावं, तसा एक हात पुढे केलेला. कमरेपर्यंत रुतला तरी थांबेना. क्षिप्रा ओरडत सुटली. हिरामणकाका उष्ट्या हाताने आले, माणसं गोळा झाली, फळ्या टाकल्या. तेवढ्यात त्याचं डोकंही दिसेनासं झालं. सगळे चिखलात हात घालून चाचपत राहिले, आणि अखेर कोणाच्या तरी हाताला दंड लागला. ओढून काढलेला माणूस नखशिखांत काळा होता, पण श्वास चालू होता.

क्षिप्रा ढसाढसा रडली. “माझं चुकलं रे, मी तुझ्यावर संशय घेतला,” असं तिने हात जोडून सांगितलं. तो नुसता बघत राहिला. त्याची आई गोजराबाई पदराने त्याचं तोंड पुसत त्याला घरी घेऊन गेली. त्याचा फोन क्षिप्राने तिच्याच हातात दिला.

संध्याकाळी घरी आली तरी तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिच्या आईने देवापुढे दिवा लावला तेव्हा तिने रूपेशच्या नंबरवर फोन केला. गोजराबाईंनी उचलला.

“झोपलाय, बाय. आंघोळ घातली, पेज पाजली. काय बोलत नाय अजून.”

“जिवावरचं टळलं, मावशी.”

पलीकडून अगदी दबलेला आवाज आला.

“बाय... ओटीवर कोन तरी रडतंय मगापासून. ‘आये, मी रूपेश. थंडी वाजतेय, दार उघड’ म्हनतंय... आवाज त्याचाच हाय गं.”

क्षिप्राने फोन कानाला घट्ट लावला. दूरवर, दार थापटल्याचा आवाज तिलाही ऐकू येत होता.

“तुमी होता ना तिथं? तोंड त्याचंच हाय, पन चिखलातनं काढला तो आमचाच होता ना?”

हाताला लागला तो दंड ओढून काढला होता; कोणाचा, ते कोणी बघितलं होतं? काळ्या चिखलात क्षिप्राने चेहरा पाहिलाच कुठे होता?

“सांगा ना... उघडू का दार?” गोजराबाईंनी विचारलं, आणि त्यांच्या अगदी मागे झोपलेल्याची खाट करकरली.